पोटभाडेकरूचा बंदोबस्त

घर सिस्टरांचं होतं, पण घरातलं ऊन भाडेकरूंचं होतं. भांडण मुळात एवढंच होतं. ते एवढंच राहिलं असतं, तर वकिलीची कोरी करकरीत पाटी लावून बसलेल्या त्यांच्या भाच्याला इतक्या लवकर काम मिळालं नसतं.

सिस्टर म्हणजे प्रसूती विभागातून निवृत्त झालेल्या परिचारिका. निम्म्या गावाला पहिल्यांदा उलटं धरून त्यांनीच रडवलं होतं, त्यामुळे त्यांना नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. जगभरची बाळं उजेडात आणणाऱ्या या बाईंचं स्वतःचं आयुष्य मात्र तळमजल्यावरच्या, मागच्या बाजूच्या, भाड्याच्या खोल्यांत गेलं. तिथे भरदुपारी दिवा लावावा लागे आणि धुतलेले कपडे वाळण्याऐवजी आंबत. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुमजली घर घेतलं, ते खरं तर घरासाठी नव्हेच. वरच्या मजल्याला पूर्वेकडे तोंड असलेली एक बाल्कनी होती. तिच्यात खुर्ची टाकून, पाय लांब सोडून, कुणाचीही घंटा वाजत नसताना चहा प्यायचा, एवढ्यासाठी त्यांनी जन्माची कमाई ओतली.

विकणाऱ्याने वर 'एक सालस जोडपं' राहतं असं ओझरतं सांगितलं होतं. ते जोडपं घराबरोबरच पदरात पडणार आहे, हे सिस्टरांना सामान उतरवल्यावर कळलं.

"करार अजून संपलेला नाही, सिस्टर," वरचा भाडेकरू हात जोडून म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि दुकानाची जाहिरात म्हणून की काय, चेहऱ्यापेक्षा मोठा चष्मा लावत असे. "मालक बदलले तरी करार तोच राहतो. आम्ही चौकशी केली."

"म्हणजे माझ्या घरात मी खाली राहायचं?"

"खालीही छान आहे हो. गारवा असतो."

गारवा हा शब्द ऐकताच सिस्टरांच्या डोक्यात तिडीक गेली. त्या तडक भाच्याकडे गेल्या.

भाच्याने करार उलटा, सुलटा आणि उजेडात धरून वाचला. भाडेकरू सालस असणं ही वकिलाच्या दृष्टीने फार वाईट गोष्ट असते. भाडं वेळेवर, भिंतीत खिळा नाही, घरात कुत्रं नाही. शेवटी तो म्हणाला, "मावशी, एकच अट उरलीय. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवू नये."

"पोटभाडेकरू म्हणजे?"

"भाडेकरूनं आपल्या जागेत परस्पर ठेवलेला दुसरा भाडेकरू."

"त्यांनी ठेवलाय?"

"नसेल. पण ठेवू नका अशी नोटीस धाडू. त्यांना वचक बसेल आणि मला सराव होईल."

नोटीस गेली. वचक बसला की नाही कोण जाणे, पण बोलणं मात्र बंद झालं. चष्मेवाला सिस्टरांना पाहिलं की बुटाची नाडी बांधायला वाकू लागला आणि त्याची बायको मागच्या जिन्याने गुपचूप जाऊ-येऊ लागली. सिस्टरांनीही मग वर बघणं सोडून दिलं. खालच्या दमट खोलीत बसून त्या फक्त ऐकू लागल्या. माणूस नुसता ऐकत बसला की त्याला नको ते ऐकू येतं.

रोज सकाळी वरून ओकाऱ्यांचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी सिस्टरांना वाटलं, काही बाधलं असेल. आठवडाभर तेच चाललं, तेव्हा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मग एकदा चष्मेवाला पिशवी भरून लिंबं घेऊन चढताना दिसला. दूधही दुप्पट येऊ लागलं. आणि एका संध्याकाळी तो बाल्कनीत उभा राहून बहिणीशी फोनवर बोलत होता, ते शब्द थेट सिस्टरांच्या खिडकीत उतरले.

"ताई, पोटभाडेकरू मजेत आहे! दिवसभर निजलेला असतो आणि आम्ही आडवे झालो की लाथा झाडतो. भाडं कुठलं देतोय, उलट खायला दोघांचं लागतं... छे छे, खाली पत्ता लागू दिलेला नाही. करारात दोघांचीच नावं आहेत ना!"

सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि भाच्याला फोन लावला.

"पोटभाडेकरू सापडला!"

"काय सांगतेस, मावशी!"

"आणि पक्का दारुडा आहे मेला. रोज सकाळी ओकतो. उताऱ्याला पिशवी-पिशवी लिंबं लागतात. दिवसा झोपतो आणि घरच्यांना लाथा मारतो. त्या पोरीची मला कीव येते रे."

भाच्याचा आनंद गगनात मावेना. पहिलीच केस आणि तीही इतकी रंगतदार. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो काळा कोट घालून हजर झाला. मावशी पुढे आणि वकीलसाहेब मागे अशी वरात जिना चढली. सिस्टरांनी दार असं वाजवलं, की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली.

चष्मेवाल्याने दार उघडलं. त्याच्या हातात नुकतीच आणलेली लिंबांची पिशवी होती. पुरावा रंगेहाथ सापडल्यामुळे भाचा घसा खाकरून पुढे झाला.

"कुठे आहे तो?"

"कोण?"

"पोटभाडेकरू! नाकारू नका, मावशींनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी हातातून सुटून उंबऱ्याशी पडली. "सिस्टर, तुम्हाला... आम्ही सांगणारच होतो."

"कधी? त्यानं घर डोक्यावर घेतल्यावर? किती दिवस राहणार आहे अजून?"

"अजून... चार महिने तरी."

"चार महिने! आणि मग?"

"मग बाहेर येईल."

"चार महिन्यांनी बाहेर येईल? आत्ता काढा त्याला!"

"आत्ता कसा काढणार?" चष्मेवाला रडकुंडीला आला. "जिवावर बेतेल हो!"

"दमदाटी करतोय का तो तुम्हाला? घाबरू नका. तुम्हाला जमत नसेल तर मी काढते. भल्याभल्यांना बाहेर काढलंय मी. बघू कसा येत नाही!"

"नको!" असं ओरडून चष्मेवाला दारात आडवा झाला. भाच्याने ताबडतोब 'कामात अडथळा' असं टिपून घेतलं. एवढा गलबला ऐकून आतून चष्मेवाल्याची बायको आली. एक हात कमरेवर, पाय जरा फाकलेले, चाल बदकाची.

सिस्टर बोलता बोलता थांबल्या. ती चाल त्यांनी उभ्या जन्मात इतक्यांदा पाहिली होती, की झोपेतसुद्धा ओळखली असती. त्यांच्या डोक्यात ओकाऱ्या, लिंबं, दूध आणि लाथा सगळं एकदम जागेवर बसलं, आणि कान गरम झाले. अख्खी नोकरी प्रसूती विभागात काढलेल्या बाईने डोहाळ्यांना दारू ठरवलं होतं! वॉर्डातल्या मैत्रिणींना हे कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्यांना वाटलं. पण लाज वाटली की हुकूम सोडायचा, ही त्यांची जुनी सवय होती.

"फरशीवर अनवाणी का उभी आहेस? बस आधी. कितवा?"

"पाचवा."

"पाचवा?" सिस्टरांनी भुवई उंचावली. पोटावर हात ठेवला, जरा सरकवला, पुन्हा ठेवला. "पाचव्यात एवढं? आणि पोटभाडेकरू एकच आहे असं कोण म्हणालं?"

बायकोने नवऱ्याकडे चोरून पाहिलं. "डॉक्टर दोन म्हणाल्या. यांना अजून सांगितलं नाहीये. एकाच्या बातमीनंच दोन दिवस जेवले नव्हते."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्याने काही फरक पडला नाही. मग तो होता तिथेच लिंबांच्या पिशवीवर बसला.

"दोन पोटभाडेकरू!" भाच्याला राहवेना. "मावशी, हा तर अटीचा दुहेरी भंग—"

"गप रे! तुला मीच बाहेर काढलंय. परत आत घालता येत नाही म्हणून वाचलास."

भाच्याने वही मिटली. तेवढ्यात सिस्टरांचं लक्ष पलीकडे गेलं. बाल्कनीचं दार उघडं होतं. सोनेरी ऊन थेट आतल्या खुर्चीपर्यंत आलं होतं आणि खुर्ची रिकामी होती. एवढी जवळ आलेली बाल्कनी आता हातची गेलीच. दोन जीव पोटात घेतलेल्या पोरीला घराबाहेर काढायला त्या काही राक्षसीण नव्हत्या.

"बसायला छान आहे ना गं तिथे?" त्यांनी विचारलं. आवाज जरा ओलाच झाला.

"कसलं छान!" पोरगी फणकारली. "उन्हानं डोकं उठतं माझं. आणि हा जिना! डॉक्टर म्हणाल्या, जिना बंद करा, पुढे तर अजिबातच नको. रोज यांना म्हणते, खालची गार जागा आपल्याला मिळाली असती तर सोनं झालं असतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"कुणाला? तुम्ही तर नोटिसा धाडत होता!"

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. डोक्यावर बसलेली ही पोरगी इतके दिवस त्यांच्या दमट खोलीसाठी झुरत होती. आणि मग त्या हसल्या, ते असं की लिंबांवर बसलेला चष्मेवालाही दचकून उठला.

"चल रे, वकिला," त्या भाच्याला म्हणाल्या. "कोट काढ. ते कपाट खाली न्यायचंय."

"अगं पण मावशी, आपण केस जिंकत होतो!"

"केस कुणाला हवीय? मला बाल्कनी हवीय."

पुढचं सगळं वॉर्डाच्या शिस्तीत झालं. पोरीने एका जागी बसून फक्त बोट दाखवायचं, कपाटं वकिलाने आणि चष्मेवाल्याने वाहायची, आणि मध्ये कुणी धापा टाकल्या तर सिस्टरांनी "श्वास घे, सोड, आणि आता जोर लाव" असं म्हणायचं. नवा करारही तिथेच जिन्यात ठरला. सिस्टर वर, भाडेकरू खाली, बाकी जुनंच चालू. त्यातली पोटभाडेकरूंची अट भाच्याने स्वतःच खोडली. खोडताना त्याला अश्रू आवरले नाहीत, पण ते मुख्यतः कपाटाखाली सापडलेल्या बोटामुळे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी बाल्कनीत खुर्ची टाकली, पाय लांब सोडले आणि चहाचा पहिला घोट घेतला. ऊन गुडघ्यांवर आलं, मग मांडीवर, मग पदरभर पसरलं. समोरच्या घरातली बाई खिडकीत आलीच.

"काय सिस्टर! काढलंत म्हणे शेवटी भाडेकरूंना?"

"काढलं की!"

"बाई गं! कुठे गेले बिचारे?"

"तळमजल्यावर," सिस्टर म्हणाल्या, आणि खुर्ची जराशी उन्हाकडे सरकवून त्यांनी डोळे मिटून घेतले.