भूमिदेवाचा चार्जर

त्सेंग सरांनी चार्जर घरी बनवायचं ठरवलं, ते काही तो बाजारात मिळत नव्हता म्हणून नव्हे. भूमिदेवाच्या पालखीचे रंगीत दिवे ज्या बॅटरीवर लागत, तिचा चार्जर उत्सवाच्या तोंडावर बंद पडला, आणि देवळाचा प्रमुख क्वो चिन-फा सभेत म्हणाला, "नवा आणू या." त्यावर सर म्हणाले, "विकतचा कशाला? मी करतो." हे ते गावादेखत बोलले, आणि गावादेखत बोललेलं गिळता येत नाही.

शिवाय चिन-फा हा सरांचा विद्यार्थी. शाळेत सरांनी त्याला विजेच्या धड्यात नापास केलं होतं. आता त्याच्यासमोर हात टेकणं म्हणजे आपणहून नाक कापून घेणं. आणि सरांना भीती कसली? जन्मभर त्यांनी फळ्यावर विजेच्या जोडण्या काढल्या होत्या आणि त्यातली एकही कधी जळली नव्हती.

"अहो, विकतचाच आणा," बायको यू-श्या म्हणाली. "तुम्ही दुरुस्त केलेली इस्त्री मी अजून दाराला अडसर म्हणून लावते."

"इस्त्रीतच दोष होता."

"आणि पंख्यात?"

"पंखा जुना होता."

यू-श्या पिशवी उचलून निघाली. बाजारातून येताना तिने मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट तेवढं आणलं. त्या मुलखात यंत्र म्हटलं की त्यावर हिरवं पाकीट आलंच. बँकेतलं असो नाहीतर इस्पितळातलं, त्याशिवाय ते गुणी बाळासारखं वागत नाही. पाकीट हिरवंच हवं, फोडलेलं नको, आणि तारीख उलटलेली तर अजिबात नको.

"ही अंधश्रद्धा आहे," सर म्हणाले.

"असू दे. तारीख बघून घ्या."

सरांनी चष्मा लावून तारीख बघितली. पाकीट ताजं होतं.

चार्जर झोकात तयार होत होता. ट्रान्सफॉर्मर जुन्या कराओकेच्या खोक्यातून निघाला, डबा बिस्किटांचा मिळाला. शेवटी दोन चिमटेच लावायचे राहिले: लाल चार्जरच्या धन टोकाला, काळा ऋण टोकाला. सरांनी लाल चिमटा उचलला आणि तेवढ्यात कोपऱ्यावर कचऱ्याच्या गाडीची धून वाजली.

त्या धुनेपुढे गावात कुणाचं काही चालत नाही. गाडी थांबत नाही आणि कचरा तर गाडीतच टाकावा लागतो. "अहो, उष्ट्याची बादली!" यू-श्या ओरडली. सर एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात बादली घेऊन चपला फटफटवत गाडीमागे धावले. धापा टाकत परत आले, बसले आणि चिमटे लावून मोकळे झाले. लाल ऋणाला, काळा धनाला.

मग त्यांनी बल्ब जोडून पाहिला. बल्ब लखलखला. बल्बला धन-ऋणाचं काही सोयरसुतक नसतं. बॅटरीला असतं. हे सर दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेत.

उत्सवाच्या दुपारी देवळात चार्जरभोवती ही गर्दी जमली. यू-श्याने डब्यावर हिरवं पाकीट ठेवलं. सरांनी लाल चिमटा बॅटरीच्या लाल टोकाला लावला, काळा काळ्याला, आणि चिन-फाकडे बघत बटण दाबलं.

डबा गुरगुरला. मग त्यातून धूर आला, फट्कन आवाज झाला आणि देवळातले सगळे दिवे गेले. सरांची नजर चिमट्यांवरून मागे डब्यापर्यंत गेली. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं.

"सर," चिन-फा हळूच म्हणाला, "हे असंच व्हायचं असतं का?"

सर उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात गर्दीतल्या अ-ख्वान मावशींनी पाकीट उचलून उजेडात धरलं. "अगं बाई! हे तर केव्हाच शिळं झालंय!"

गर्दीतून सुटकेचा सुस्कारा निघाला.

"तरीच! मग ऐकेल कसं ते?"

"सरांची बिचाऱ्यांची काय चूक?"

"माझीच हो चूक," यू-श्या म्हणाली. "घाईत तारीख बघायची राहिली." आणि खरं सांगायला सरसावलेल्या सरांच्या पायावर तिने आपला पाय ठेवला. चांगला दाबून ठेवला.

"मला खात्रीच होती," चिन-फा वाकून म्हणाला. "सरांची जोडणी चुकेलच कशी?" त्याने स्वतःच्या मालाच्या टेम्पोची बॅटरी काढून पालखीला लावली. भूमिदेव झगमगत गावभर फिरले, आणि पालखीला पहिला खांदा सरांना देण्यात आला. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

सकाळी भाताची पेज पुढ्यात आल्यावर त्यांना राहवलं नाही. "चिमटे उलटे लागले होते."

"बरं."

"आणि पाकीट तर ताजं होतं. मी स्वतः तारीख बघितली होती."

"ते फडताळात आहे. देवळात ठेवलेलं मी शेजारून मागून आणलं, शिळं बघून."

सरांचा चमचा हातातच राहिला. "म्हणजे तुला चिमट्यांचं आधीच कळलं होतं?"

"मला चिमट्यांतलं काही कळत नाही," यू-श्या म्हणाली. "तुमच्यातलं कळतं. खा, गार होतंय."

सरांनी चमचा खाली ठेवला. काहीतरी गोड बोलावं म्हणून ते शब्द शोधत होते, तोच दार वाजलं. दारात चिन-फा उभा होता, कडेवर बॅटरी घेऊन.

"सर, रात्रभर दिवे लावून माझी बॅटरी पार उतरली. गाडी जागची हलत नाही आणि उद्या माल न्यायचाय. दुकानात चार्जर होते, पण म्हटलं, घरचे सर असताना विकतचा कशाला? तुम्ही नवा बनवा." मग त्याने खिशातून नवंकोरं हिरवं पाकीट काढून सरांच्या हातात ठेवलं. "आणि सर, या वेळी पाकिटाची काळजीच नको. मी स्वतः निवडून आणलंय."

सरांनी तारीख बघितली. मग मोठ्या आशेने बायकोकडे बघितलं.

यू-श्याने कचऱ्याची पिशवी उचलली आणि गाडीची वाट बघायला बाहेर निघून गेली. गाडी यायला अजून पुष्कळ वेळ होता.