नानांच्या दारातला चिखल

पाणंदीत गाडी रुतल्याचा आवाज आला की नाना आधी चहा टाकतात आणि मग ट्रॅक्टर बाहेर काढतात. गाडी वर येईपर्यंत चहाला उकळी आलेली असते, त्यामुळे नुसतं 'येतो' म्हणून सटकायची सोय नाही.

आमचा द्राक्षाचा मळा दिंडोरीकडे, नानांच्या घरावरून पुढे. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी सोडलेली पाणंद हीच काय ती वाट. पावसाळ्यात रविवारी मी शहरातल्या इंदिरानगरहून निघालो की बायको विचारते, "मळ्यात चाललात की नानांकडे?"

नाना सत्तरीचे. गाडीला दोर बांधता बांधता सरकारचा उद्धार चालू असतो. "मतं मागाया येत्यात तव्हा नेमका उन्हाळा असतो! ह्यांला चिखल दिसनार कसा?" गाडी निघाली की मात्र चेहरा खुलतो. "अडला म्हंजी आपला!" म्हणत ते माणसाला ओसरीवर नेतात. पैसे पुढे केले तर चिडतात. एकदा मुलगी बघायला चाललेली मंडळी रुतली. नानांनी त्यांना पोटभर पोहे खाऊ घातले. मुलीकडच्या पोह्यांना मग कुणी हातच लावेना, आणि मुलीचा बाप कितीतरी दिवस नानांशी बोलत नव्हता.

यंदा सरकारी योजनेतून आमच्या पाणंदीला निधी मंजूर झाला. खडी, मुरूम, कडेला पाण्याची चारी. अट एकच, बांधावरच्या प्रत्येक शेतकऱ्याची संमती हवी. सगळ्यांनी सह्या केल्या. राहिले ते नाना! जन्मभर ज्यांनी बोंब मारली, तेच. आज म्हणे मुरूम हलका आहे, उद्या चारी उथळ, परवा अमावास्या. मुदत संपत आली. निधी परत गेला की आमची द्राक्षं पुन्हा टेम्पोत आपटून फुटणार. शेवटी सरपंचांनी मला त्यांच्याकडे धाडलं.

मी तावातच गेलो. "नाना, तुम्हाला रस्ता हवाय की नकोय?"

नानांनी माझ्यापुढे कप ठेवला.

"तुझी काकू होती तव्हा दिवसभर मानसं यायची," ते म्हणाले. "आता ह्या दारात जो येतो, त्यो चिखलानं येतो. रस्ता झाला की सगळे भुर्रकन जातील. आपनहून कोन थांबतंय रं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

"आन तो कागद," नानाच म्हणाले. "गावाचं नुकसान नाय करनार मी. पन सायबाला सांग, माझ्या दाराम्होरं एक स्पीडब्रेकर टाक."

साहेब म्हणाले, योजनेत बसत नाही. नानांनी तरीही सही केली. रस्ता झाला, झकास झाला. मग नानांनी स्वतःच घमेल्यानं मुरूम आणून दारापुढे उंचवटा घातला. पाऊस तो धुऊन नेतो, नाना पुन्हा घालतात. गाव कुरकुरतं, पण मोडत कुणी नाही.

गेल्या रविवारी पावसात निघालो. उंचवटा पार वाहून गेला होता, रस्ता सपाट. नाना ओसरीवर उभे होते. मी गाडी त्यांच्या दारापुढे बंद केली.

"अडली का रं?" त्यांनी विचारलं.

"अडली, नाना."

त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. चहा टाकायला लगबगीनं आत गेले.