किटलीची टोपी

नर्सची नोकरी संपवून मुलाकडे राहायला आलेल्या सिस्टरना नव्या गल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं. सुनेनेच वाचनालयातल्या विणकाम मंडळाची माहिती काढली आणि त्यांना जवळजवळ ढकलतच तिथं पाठवलं. पहिल्या दिवशी आपण केलेली एखादी वस्तू दाखवायची असते, म्हणून सिस्टरनी घरातल्या मोठ्या किटलीची लोकरी टोपी पिशवीत टाकली. चहा गरम राहावा म्हणून विणलेली, निळी, वर गोंडा. एका बाजूला तोटीसाठी भोक, दुसऱ्या बाजूला किटलीच्या कानासाठी.

मंडळाच्या प्रमुख म्हणजे हेडबाई. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट केली आणि सिस्टर तोंड उघडणार एवढ्यात स्वतःच्या डोक्यावर चढवली. ती बसलीही अगदी मापात.

"हे भोक कानासाठी ना?" त्यांनी विचारलं.

"हो, एक कानासाठीच आहे, पण दुसरं..."

"दुसरं दुसऱ्या कानासाठी, कळलं की. थंडीत टोपी घातली की मला काही ऐकूच येत नाही. इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही."

सगळ्याजणींनी माना डोलावल्या. सिस्टरनी दोनदा घसा खाकरला, तर हेडबाईंनी त्यांनाच वाफ घ्यायचा सल्ला दिला. पुढच्या आठवड्यात ही टोपी सगळ्यांना शिकवायचं काम सिस्टरवर सोपवून त्या ती डोक्यावर ठेवूनच घरी गेल्या.

किटली उघडी का, असं सुनेनं विचारलं तेव्हा सिस्टरना सगळं सांगावं लागलं. हसून हसून सुनेची पुरेवाट झाली.

"आई, पहिल्याच दिवशी हेडबाईंना टोपी घातलीत तुम्ही."

सिस्टरना मात्र हसू येईना. डॉक्टरांच्या चुकाही तोंडावर सांगितलेली बाई ती, आणि आता खोटेपणावर मैत्रिणी जोडायच्या? पुढच्या वेळी खरं काय ते सांगून टाकायचं, मग मंडळात ठेवोत न ठेवोत, असं त्यांनी ठरवलं.

पण पुढच्या वेळी खोलीत शिरतात तो काय, सगळ्याजणी निळी लोकर घेऊन तयार आणि मधोमध हेडबाई टोपी घालून. सिस्टरचा धीर सुटला. कसेबसे टाके घालून दाखवल्यावर त्या शेजारच्या खुर्चीतल्या फुलवालीच्या कानाशी लागल्या.

"अहो, ती टोपी किटलीची आहे."

फुलवालीची सुई थांबली नाही. "ते आम्हाला त्याच दिवशी कळलं. हळू बोला. त्यांच्या गळ्यातला मफलर बघितलात? टेबलावर टाकायची माझी पट्टी आहे ती. गेल्या वर्षी दाखवायला आणली, ती गेलीच."

सिस्टरनी पदराने तोंड दाबलं, तरी खांदे हलायचे ते हललेच. सुईवरून चार टाके निसटले.

"काय चाललंय तिकडे?" हेडबाईंनी विचारलं.

"काही नाही बाई," फुलवाली म्हणाली. "सिस्टर म्हणतात, कानाचं माप नीट घ्या."

हेडबाईंनी समाधानाने मान हलवली. गोंडाही हलला. सिस्टरनी निसटलेले टाके उचलले आणि आपली खुर्ची फुलवालीकडे आणखी थोडी सरकवली.