बिनवाऱ्याची पवनचक्की

एकतीस वर्षं मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या. मोटारीतलं मला कोणी शिकवावं, असा माणूस अख्ख्या स्मृति नगरात नाही!

तरी लोक बघायला जात ती शेजारच्या देवानंदभाऊंची गच्ची. त्यांनी सोलर बसवलं होतं. बारशाला आल्यासारखे लोक वाकून वाकून त्या पाट्या बघत. एक दिवस माझी बायको वासंतीही जाऊन आली.

"केवढं चमकते जी," ती म्हणाली.

"सूर्य बुडला का त्याचं दुकान बंद," मी म्हणालो. "मी पवनचक्की लावतो. वाऱ्याले काही सुट्टी नसते."

सुपेल्याच्या भंगार बाजारातून चुंबकाची मोटार आणली, प्लास्टिकच्या पाइपाची तीन पाती कापली आणि सगळं आमच्या गच्चीतल्या खांबावर चढवलं. वीज दिली की मोटार फिरते. उलट, वाऱ्याने पाती फिरवली की तीच मोटार वीज देते. इतकं सोपं! रविवारी पाच वाजता या, असं मी साऱ्या गल्लीला सांगून टाकलं.

रविवार उजाडला. वाळत घातलेली साडीही हलेना. पाच वाजले, जिन्यात पावलं वाजली. मी घाईघाईने जिन्यातल्या बोर्डात अडॅप्टर खोचला आणि घरचीच वीज मोटारीला दिली. पाती गरगर फिरू लागली.

देवानंदभाऊ वर बघत म्हणाले, "माधवभाऊ, झाडाचं पान नाही हालून राहिलं, अन् हे कसं फिरते?"

"वरची हवा येगळी असते."

"हे बराबर हाय. उंचावर वारा जोराचा असते," ते सगळ्यांना सांगू लागले. "वेग दुप्पट झाला का वीज आठपट. म्हणून मोठ्या पवनचक्क्या समुद्राकडे, डोंगरावर लावतेत. ढगाळ दिवशी माह्या पाट्या झोपतेत, तवा तिकडचा वारा कामी येते. दोन्ही पायजे. मले बी एक बनवून द्या, भाऊ."

साहेबांनी दिलेल्या मानपत्रानेही मला इतका आनंद झाला नव्हता! समोरच्या ममताबाईंनीही एक मागितली. मी हो म्हणतोय, तोच गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प झाले. लाइट गेली. माझी पाती हळूहळू थांबली.

"अजी," वासंती म्हणाली, "लाइट गेली तं पवनचक्की कावून थांबली?"

देवानंदभाऊंची नजर खांबावरून वायरीवर आली, वायरीवरून जिन्यातल्या बोर्डावर गेली. मी मान खाली घातली.

"बेअरिंग जाम झालं असन," ते शांतपणे म्हणाले. "नव्या मशीनचं होते असं. चला, माह्याकडे चहा घेऊ."

लोक मान डोलावत जिन्याकडे वळले. मी सुटलो.

आणि लाइट आली. मागे पाती पुन्हा भर्रकन फिरू लागली, आधीपेक्षा जोरात. सगळे जागच्या जागी थांबले. वासंतीने बोर्डापाशी जाऊन अडॅप्टर उपटला आणि माझ्या हातात दिला.

चहा मी घेतला नाही. खरं सांगू? माझ्या जागी देवानंदभाऊ असते, तर त्यांची लाज राखायला मला ते बेअरिंग सुचलं नसतं.