मुकी मालूआक्का

ज्याला आवाज नाही त्याला आवाज मिळवून देणे हे वसाहतोत्तर साहित्याचे आद्य कर्तव्य होय. हा आवाज इंग्रजीतच द्यावा लागतो; मराठीत दिला तर ज्याचा आहे त्यालाच ऐकू जाण्याचा धोका संभवतो.

मी बेळगावात इंग्रजी शिकवतो. (म्हणजे मराठीतून समजावतो, निम्म्या वर्गाला कन्नडमधून.) इंग्रज जिथे जिथे राज्य करून गेला, तिथल्या लोकांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यानेच त्यांना बक्षिसे दिली. मग बेळगावने काय घोडे मारले होते? मीही एक लिहिली.

नियमानुसार एक मूक, पिचलेली स्त्री लागते. मी वडगावची मालूआक्का घेतली. माझी थोरली चुलत बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. घरात विणकामाचे दोन माग. त्या खडखडाटात बोलायच्या सवयीने वडगावची माणसे एरवीही ओरडूनच बोलतात, आणि आक्का ओरडली की पलीकडच्या शहापुरात ऐकू जाते. कादंबरीत ती मुकी आहे. आंब्याखाली बसून क्षितिजाकडे बघते. (आमच्या बोळात झाड नाही. क्षितिजही नाही, समोर पिठाची गिरणी आहे.)

प्रकाशनाला दिल्लीहून संपादकबाई येणार होत्या. त्यांना खरी आक्का बघायची होती. पसंत पडली तर पुस्तक लंडनला जाणार होते. मी वडगाव गाठले.

"आक्का, तासभर गप बसशील काय?"

"का रं? कोण मेलंय?"

"माझं लंडनचं काम हाय."

"एवढंच न्हवं? बसू की. जेवून जा."

प्रकाशनाला व्यासपीठावर बसली बिचारी, पदर तोंडाला लावून. मातृभाषेच्या गळचेपीवर तीन भाषणे झाली, तिन्ही इंग्रजीत. संपादकबाईंना भरून आले. त्यांनी माईक आक्कापुढे धरला: काहीतरी बोला, लेखक अनुवाद करतील.

तास होऊन गेला होता. आक्का म्हणाली, "बाई, ह्यानं माझ्यावर काय लिवलंय ते एकदा मराठीत वाचून दाखव म्हणावं. कवापास्नं इचारतोय, टाळतंय मुडदं."

"शी सेज थँक्यू," मी म्हणालो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. (संपादकबाई सोडून सभागृहात सगळ्यांना मराठी येत होते.) मात्र थँक्यू हा शब्द वडगावातही समजतो, ही बाब वसाहतोत्तर सिद्धान्तात कुठेच नमूद नाही. आक्काने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि उठून चालू लागली.

पुस्तक लंडनला गेले. आता मी दारात दिसलो की आक्का माग सुरू करते. तिची एक शिवी ऐकायला जीव तळमळतो, पण ती बोलत नाही. सिद्धान्त मात्र खरा ठरला.

तुम्ही हे मराठीत वाचून माझ्यावर हसलात, बरे वाटले. घरी मुलांनाही वाचून दाखवा. त्यांना मराठी जड जात असेल, तर संकोच नको. त्यांना काय सांगायचे असेल ते मला सांगा. मी इंग्रजीत पोचवतो.