धोंडूमामाचं प्लॅटफॉर्म तिकीट

एका जंगलात, बाळांनो, कार्तिक वद्य तृतीयेचा दिवस होता. आभाळ स्वच्छ, वारा उत्तरेचा, दव भरपूर.

त्या सकाळी धोंडूमामा कासव भाच्याला गाडीत बसवायला स्टेशनवर आले. भाच्याचं, म्हणजे गणोजीचं, लग्न पाच जंगलं ओलांडून समुद्रकाठी ठरलं होतं. मुहूर्त द्वादशीचा, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. गाडी बारा दिवसांतून एकदाच.

गणोजीने एकेचाळीस कागद जमवले होते. मामाकडे प्लॅटफॉर्म तिकीट होतं, दोन तासांचं.

मामा डब्यात चढले. ट्रंक बाकाखाली सरकवली. साखळी लावली, कुलूप तीनदा ओढून पाहिलं. मग उतरायला निघाले. दारापर्यंत पोचले तेव्हा पहिली सरहद्द आली होती.

"अरे गणोजी, मी चुलीवर दूध ठेवून आलोय रे!" मामा म्हणाले.

तेवढ्यात लांडगा अधिकारी आला. त्याने एकेचाळीसही कागद वाचले.

"या दाखल्यात पाठ नऊ बोटं. या दाखल्यात दहा."

"साहेब, तो लहानपणचा. मी वाढलो."

"म्हणजे तुम्ही दोघं आहात. कोणता गणोजी जाणार ते आधी सिद्ध करा. तोवर दोघंही खाली उतरा."

गणोजीला उतरवलं. मामाही उतरू लागले.

"तुमचे कागद?" लांडगा म्हणाला.

"नाहीत हो. हे एवढंच तिकीट."

"मग उतरता येणार नाही. आमच्या जंगलात उतरायला कागद लागतात."

"मामा, मुहूर्त सांभाळा!" खालून गणोजी ओरडला. गाडी सुटली.

दुसऱ्या सरहद्दीवर उंट आला. "कागदच नाहीत? मग चूक काढायची कशात?" असं म्हणून त्याने शिक्का मामांच्या पाठीवरच मारला.

तिसऱ्या सरहद्दीवर बोकड होता. त्याने तिकीट वास घेऊन पाहिलं, मग खाल्लं. "जरा कोरडं आहे," म्हणाला आणि पाठीवर दुसरा शिक्का मारला. चौथ्या सरहद्दीवरच्या बगळ्याने दोन शिक्के पाहिले, सलाम ठोकला आणि तिसरा मारला.

द्वादशीला गाडी समुद्रकाठी लागली. मुलीच्या वडिलांनी मामांना सनईसकट थेट मांडवात नेलं.

"अहो व्याही, मी नवरदेवाचा मामा!"

"मग अंतरपाटाशी उभे राहा. मामाचं कामच ते."

मामा उभे राहिले. पलीकडे नवरी कस्तुरा होती. अलीकडे दुसरं कोणीच नव्हतं. भटजी घड्याळ पाहत होते.

कस्तुराने अंतरपाटाखालून मान काढून मामांची पाठ पाहिली.

"तीन सरहद्दींचे शिक्के! आमच्याकडचे पुरुष ओहोटीच्या रेषेपलीकडे जात नाहीत."

"बाई, माझं वय एकशे बारा."

"माझं एकशे नऊ. बाबांनी पत्रावर ठरवलेला मुलगा चाळिशीचा. त्याला काय मी खेळवत बसू?"

"पण माझं दूध..."

"कधी ठेवलंत?"

"नऊ दिवस झाले."

"मग आता घाई कशाची?"

अकरा वाजून चार मिनिटांनी अक्षता पडल्या. गणोजी अजून पहिल्या सरहद्दीच्या ठाण्यात आहे. दप्तरात तो दोन असल्यामुळे त्याला रोज दोन ताटं मिळतात.

तात्पर्य: लांबच्या प्रवासाला निघताना सर्व कागदपत्रं क्रमाने लावून घरी कपाटात ठेवावीत आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढावं. दूध मात्र उतरवून जावं.