थर्कलबाईंच्या शेतातली सात बटणं

पलटणीचं बटण मला नुसतं मागून दाखवा, पुढून काय आहे ते मी सांगतो! इंग्लंडातल्या अख्ख्या नॉरफोकात हे जमणारा एकटा मीच, लेन बॅगशॉ. असं लोक म्हणतात. म्हणजे मी म्हणतो आणि लोक ऐकतात.

त्या शनिवारी थर्कलबाईंच्या शेताच्या कोपऱ्यात माझा धातू शोधायचा डिटेक्टर किंचाळला. खणलं, तर पितळी बटण! शेजारी दुसरं, तिसरं... वीतभर जागेत सात! आणि माती काळीठिक्कर, जळकी! सात बटणं म्हणजे कोट, कोट म्हणजे शिपाई, आणि जळकी माती म्हणजे... अरे देवा, बिचाऱ्याला जाळला!

आमच्याकडे मढं सापडलं की आधी पोलिसांना कळवावं लागतं. कळवलं. हवालदार प्रुएट आले.

"हाडं कुठायत?"

"खाली असतील की!"

त्यांनी शेताभोवती पट्टी बांधली. ऐन बटाट्याच्या लागवडीत ट्रॅक्टर अडकला, आणि थर्कलबाई रबरी बूट आपटत आल्या.

"लेन, कोण मेलंय?"

"शिपाई! दोनशे वर्षांपूर्वी!"

"दोनशे वर्षं थांबला ना? मग बटाटे लावेपर्यंत थांबला नसता?"

हवालदार म्हणाले, "बटणं नक्की खरी ना? मला वर कळवायचंय."

मी भिंगातून मागची छाप पाहिली. "शंभर नंबरी! खोटी निघाली तर डिटेक्टर विकीन!"

हे ऐकताच बाई तडक घराकडे वळल्या. मी तेव्हाच पळायला हवं होतं. शेत त्यांचं. त्यांनी 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटलं, की पंचक्रोशीतला एकही शेतकरी मला दारात उभा करणार नाही.

त्यांनी घरातून एक कार्ड आणलं. हवालदारांनी मोठ्याने वाचलं, "बुजगावण्यांची स्पर्धा, गेला उन्हाळा. स्पर्धक, श्रीमती थर्कल. क्रमांक शेवटचा. शेरा: कोट बरा, पण बटणं साफ खोटी. परीक्षक, लेन बॅगशॉ."

त्या दिवशी मी भिंग घरी विसरलो होतो हो...

"माझ्या पणजोबांच्या आजोबांचा कोट होता तो," बाई म्हणाल्या. "तू एवढा जाणकार! तू बटणं खोटी म्हणालास, आम्ही कोटच खोटा मानला. पाच नोव्हेंबरला आपण पुतळे जाळतो ना, त्या होळीत बुजगावण्यासकट पेटवला. इथेच! आता बोल, तेव्हा चुकलास की आत्ता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवालदार मुकाट्याने पट्टी गुंडाळू लागले.

"तेव्हा चुकलो, बाई. काय म्हणाल ते करतो, पण शेत बंद करू नका!"

बाईंनी शेत बंद केलं नाही. एकच अट घातली.

म्हणून यंदाच्या स्पर्धेत तीच सात बटणं लावलेला कोट घालून, हात पसरून, त्या कोपऱ्यात मीच उभा होतो. नव्या परीक्षकाने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खिशातून भिंग काढलं आणि कार्ड माझ्याच कोटाला टाचलं.

क्रमांक शेवटचा. शेरा: बटणं अस्सल, बुजगावणं साफ खोटं!